खडू खाली

६ मार्च

मुंगळ्या,

वर आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मग 'चिरंजीव' लिहिलं, तेही खोडलं. सत्तावन्न वर्षांच्या बाप्याला कसलं चिरंजीव! शेवटी लहानपणी चावायचास म्हणून मी ठेवलेलं नाव तेवढं उरलं.

एक्केचाळीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की कुणालाही वाटेल, मेली वाटतं. मेले नाही. जबडा मोडलाय. उजव्या बाजूला, दोन ठिकाणी. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकलेत, सहा आठवड्यांसाठी. नळीनं दूध ओढते, गाळलेलं सूप ओढते. बोलता येत नाही. मला, बोलता येत नाही! विभागातली निम्मी माणसं देवाचे आभार मानत असतील. गळ्यात एक छोटी पाटी अडकवून फिरते, दुकानातल्या भावफलकासारखी. कुणी काही विचारलं की तिच्यावर खरडायचं. पण पाटीवर तुझ्याशी काय बोलणार? म्हणून हे पत्र. पत्ता आत्याच्या जुन्या वहीत मिळाला. तुझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, दारं-खिडक्या करतोस, एवढंच मला माहीत आहे.

झालं काय ते सांगते. मी शिकवते त्या अभियांत्रिकीच्या विभागात दर गुरुवारी सेमिनार असतो. कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून आपलं संशोधन सांगतं, बाकीचे लांब टेबलाभोवती बसून ऐकतात, प्रश्न विचारतात. त्या गुरुवारी माझ्याच विद्यार्थिनीची पाळी होती. पदवी मिळण्याआधीचं शेवटचं व्याख्यान. तिला सगळे गोगलगाय म्हणतात, कारण ती सावकाश बोलते. एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत माणसाचा चहा गार होतो. मी नेहमीसारखे प्रश्न विचारले. नेहमीसारखेच, मी सांगते तुला. चाळीस मिनिटं झाली आणि तिच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. टेबलावर नमुना म्हणून लोखंडी सळई ठेवली होती, दीड वीत लांब, अंगठ्याएवढी जाड. ती उचलली आणि माझ्या तोंडावर घातली.

आवाज मी आतून ऐकला. बाहेर तो कसा वाटला ठाऊक नाही. तोंडात खडे आले असं वाटलं, थुंकले तर दात. पांढऱ्या कागदांवर रक्ताचा सडा पडलेला आणि त्यात माझे तीन दात. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा मी वाकले म्हणून टेबलावर बसला आणि वरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मग चौघांनी तिला खाली पाडलं. एकानं पाठीवर गुडघा रोवला, एकानं केस धरून डोकं फरशीवर दाबलं. मी टेबलाखालून पाहत होते. तिचं तोंड माझ्याकडेच होतं आणि नाकातून रक्त येत होतं. त्या झटापटीत तिचीही दोन बोटं मोडली म्हणे. असो.

पोलिस आले. मी इस्पितळात पाटीवर लिहून दिलं: अचानक मारलं. चार दिवस कोठडीत होती, आता जामिनावर आहे. विभागाची चौकशी सुरू झाली आहे. तिला काढून टाकणार, आणि खटला उभा राहिला तर तुरुंग. माझ्या शब्दावर आहे सगळं.

तू उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझी
ताई


११ मार्च

मुंगळ्या,

तुझं काही आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण सवय वाईट. समोरचा गप्प असला की मला जास्तच बोलावंसं वाटतं.

आमच्या सेमिनारचा एक नियम आहे, तो तुला सांगायलाच हवा. कुणाला प्रश्न असला की त्यानं हात वर करायचा नाही, शेवटची वाट बघायची नाही. म्हणायचं, "खडू खाली." बोलणाऱ्यानं त्या क्षणी, शब्द अर्धा असला तरी, हातातला खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवायचा. प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आणि विचारणारा "चालू द्या" म्हणेपर्यंत खडूला हात लावायचा नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना आधी हसू येतं, मग घाम फुटतो.

नियम माझा. सव्वीस वर्षांपूर्वी मी केला.

'चालू द्या' कुठून आलं ते तुला वेगळं सांगायला नको. तुलाच का लिहितेय, असं विचारशील तर कारण हेच. बाबांचं जेवणाचं टेबल कसं होतं हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही असा जगात एकच माणूस उरलाय. बाबा दिवसभराचं सांगायला लागले की सगळ्यांनी ताटात बघायचं. मध्ये कुणी बोललं की, "हात." टेबलावर हात ठेवायचा. एक बोट धरून उलटं दाबत न्यायचे, शांतपणे, आवाज न चढवता, आपण "चालू द्या, बाबा" म्हणेपर्यंत. मग ते राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू करायचे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी शपथ घेतली होती की माझ्या खोलीत विचारणाऱ्याचं बोट कधी मोडणार नाही. बोलणाराच थांबेल. आणि खरं सांगते, सुरुवातीला त्यानं फार चांगलं झालं. एकदा एक बडा पाहुणा आला होता, छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर बोलायला. दुसऱ्याच मिनिटाला मी खडू खाली म्हटलं आणि विचारलं, हे वजन एका बाजूनंच का धरलंय? माणसानं हिशेब परत करून पाहिला. मग मटकन खुर्चीत बसला. तो हिशेब चुकला होता, आणि ते छप्पर तीन महिन्यांत उभं राहणार होतं. शेवटपर्यंत सभ्यपणे ऐकून टाळ्या वाजवल्या असत्या तर कुणाच्या तरी डोक्यावर पडलं असतं. सभ्यपणा गेला खड्ड्यात, असं मी तेव्हापासून म्हणत आले.

नंतर मजा यायला लागली. खोटं कशाला बोलू? पोरं आपसात पैज लावायची, आजचा माणूस कितव्या मिनिटाला रडेल. एक जण फळ्यापाशीच ओकला. एकानं खडू चावून गिळला. मी हसले होते.

गोगलगायीनं दोन वर्षांपूर्वी एकदा सुचवलं होतं, "मॅडम, पहिली दहा मिनिटं कुणी थांबवायचं नाही असं करू या का? कधीकधी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर पुढच्याच वाक्यात असतं." मी म्हटलं, "तुझं पुढचं वाक्य येईपर्यंत मी निवृत्त होईन." खोली हसली. तीही हसली. नियम तसाच राहिला.

काल तिला चौकशीला बोलावलं होतं. विभागप्रमुख माझाच जुना विद्यार्थी, माझ्याच हाताखाली तयार झालेला. "बोला," म्हणाला. ती बोलायला लागली. तिसऱ्या वाक्याला त्यानं तिला थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. असं पाच वेळा झालं. मग ती गप्प बसली ती बसलीच. उजवा हात प्लास्टरमध्ये, मांडीवर ठेवलेला.

माझा जबाब प्रमुखानंच लिहून आणलाय. 'कोणतीही चिथावणी नसताना' असे शब्द आहेत त्यात. २७ तारखेला तो वाचून दाखवतील, मी फक्त मान डोलवायची. सही अजून केलेली नाही. पेन चालत नव्हतं.

ताई


१८ मार्च

तुझं कार्ड मिळालं.

एक्केचाळीस वर्षांनी भाऊ लिहितो आणि काय लिहितो? 'जबडा उजवा मोडला म्हणतेस. मुलगी डावरी आहे का? नसली तर तिच्या उजव्या हाताला आधी काय झालं होतं?' वर नाव नाही, खाली नाव नाही. कशी आहेस नाही, दुखतंय का नाही. मी दोन पत्रं भरून लिहिलं आणि तू काय वाचलंस, तर उजवं-डावं!

तू कोण रे मला विचारणारा? दारं ठोकतोस ना, दारं ठोक. तिथं नव्हतास तू. तेवीस माणसं खोलीत होती, एकालाही हा प्रश्न पडला नाही. पोलिसाला पडला नाही. डॉक्टरनं विचारलं होतं, तर त्याला प्रमुखानं सांगितलं की सळईचा झटका उलटा बसला असेल. त्याला पटलं. तुला पटत नाही!

समोरून उजव्या हातानं मारलं तर घाव डाव्या गालावर बसतो, कळतं मला. पण मी वळले असेन. घाव बसताना माणूस वळतो. त्यानं उजवा गाल पुढे आला असेल. झालं समाधान?

तुझं कार्ड फाडून टाकलं आहे.


१९ मार्च

मुंगळ्या,

कालचं पत्र टाकून आले आणि पेटीच्या फटीत हात घालून परत काढायला बघत होते. टपालवाल्यानं हाकललं.

कार्ड फाडलेलं नाही. समोर ठेवलंय.

नाही, ती डावरी नाही. उजव्या हातानं लिहिते. तिचा उजवा हात तेव्हा माझ्या हातात होता, म्हणून तिनं डाव्यानं मारलं.

आता क्रमानं लिहिते. तू मध्ये थांबवलंस ते बरं केलंस, नाहीतर मी अशीच पुढे गेले असते.

वीस वर्षांपूर्वी मी एक काम केलं, त्याच्यावर माझं सगळं नाव उभं आहे. पादचारी पूल सळयांना टांगलेले असतात ना, त्या सळयांना ताण द्यायचा आणि सोडायचा, लाखो वेळा, आणि कितव्या वेळी तुटते ते मोजायचं. मी चाळीस सळया तोडल्या आणि एक आकडा दिला. इतक्या वेळांपर्यंत सळई टिकते, बिनघोर वापरा. तो आकडा पुस्तकांतून छापला गेला. खरं म्हणजे सळया त्रेचाळीस होत्या. तीन फार लवकर तुटल्या. मी त्यांना चिठ्ठी बांधली, 'सदोष. सोडून दिली.' आणि कपाटात टाकल्या. त्या सदोष नव्हत्या. मी तपासल्याच नाहीत. तशा तुटायला नको होत्या, म्हणून सदोष.

गोगलगायीला त्या सापडल्या. चार वर्षं तिनं त्यांच्यावर काम केलं. मला वाटत होतं ती दुसरंच काही करतेय. मी कधी तिला वाक्य पुरं करू दिलं तर कळणार ना! त्या गुरुवारी ती खोलीत आली आणि तिन्ही सळया टेबलावर मांडल्या. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. ती कुठं पोचणार हे पहिल्याच मिनिटाला कळलं.

मग मी तिला पोचू दिलं नाही. चाळीस मिनिटांत अकरा वेळा खडू खाली. कशावरही विचारलं. अक्षर लहान का, हा शब्दच का, हे तर सगळ्यांना माहीत आहे, मग सांगतेस कशाला. ती प्रत्येक वेळी खडू ठेवायची, उत्तर द्यायची, मी 'चालू द्या' म्हणेपर्यंत उभी राहायची. अकराव्या वेळी मी 'चालू द्या' म्हटलंच नाही. नुसती बसून राहिले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खडू आपणहून उचलला. म्हणाली, "मॅडम, आता मी शेवटपर्यंत बोलणार आहे."

सव्वीस वर्षांत कुणी असं केलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, फळ्यापाशी गेले. माझी पाठ कपाटाएवढी आहे, मागच्यांना तीच दिसत होती. सगळ्यांना वाटलं मी खडू काढून घेतेय. मी तिची दोन बोटं धरली आणि उलटी दाबत नेली. हळू. आवाज न चढवता. तिच्या कानाशी म्हटलं, "म्हण, चालू द्या."

ती म्हणाली नाही. आधी एक मोडलं. मग दुसरं. ओल्या फांदीसारखा आवाज येतो, तुला माहीत आहे. तुझंही एक बोट बाबांनी तसंच मोडलं होतं की एकदा, अनामिका. वाकडीच राहिली ना?

मग तिनं डाव्या हातानं टेबलावर चाचपलं आणि जे हाताला लागलं ते उचललं. ती त्या तिघींपैकीच एक सळई होती.

माझ्या हाताला ती पकड कुणी शिकवली नव्हती, मुंगळ्या. हाताला येत होती. साठ वर्षांची झाले, मला वाटत होतं मी त्या टेबलावरून उठून फार लांब आले.

आता दुसरं. तेही आजच लिहिते, उद्या धीर व्हायचा नाही.

त्या संध्याकाळी बाबा बोलत होते आणि आई म्हणाली, "दूध उतू जातंय." एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. "हात," बाबा म्हणाले. आईनं हात ठेवला. मागं दूध जळत होतं, घरभर वास, आणि ते बोट दाबत होते. आई 'चालू द्या' म्हणत होती, स्पष्ट म्हणत होती, मी ऐकत होते, तरी ते थांबले नाहीत. मग तू उठलास. "थांबा" म्हणालास. त्यांनी तुझ्याकडे न बघता दुसऱ्या हातानं तुझ्या कानशिलात भडकावली, तू चुलीवर जाऊन आदळलास, उकळतं दूध तुझ्या मानेवर सांडलं. मग तू स्टूल उचललंस. सोळा वर्षांचा होतास. त्यांचं मनगट मोडलं, डोकं फुटलं.

पोलिसानं मला विचारलं, आधी कुणी मारलं? मी एकोणीस वर्षांची होते. आईला ते विचारणार नव्हते, तिची तर बोबडीच वळली होती. बाबा खुर्चीत डोक्याला फडका लावून माझ्याकडे बघत होते. पुढच्या आठवड्यात माझा कॉलेजचा प्रवेश होता आणि फॉर्मवर त्यांची सही व्हायची होती.

मी म्हटलं, यानं. उगाचच मारलं.

तुला दोन वर्षं सुधारगृहात घातलं. आई गेली तेव्हा तू दारापर्यंत आला होतास, बाबांनी तुला फाटकातून परत पाठवलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तूही वर बघितलंस. मी पडदा सोडला.

लिहिलं एकदाचं. तोंडात तार रुतलीय. दात-ओठ खायचीसुद्धा सोय नाही.

जबाबावर सही केली आहे. तुझं कार्ड यायच्या आदल्याच दिवशी. पेन चालत होतं.

ताई


२८ मार्च

मुंगळ्या,

चौकशी काल झाली. सेमिनारच्याच खोलीत, कारण एवढं लांब टेबल दुसरीकडे नाही. तडकलेली काच तशीच होती, वर चिकटपट्टी मारलेली. टेबलाच्या मधोमध पुरावा म्हणून ती सळई ठेवली होती, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर माझं अक्षर आणि माझंच वाळलेलं रक्त.

गोगलगाय समोर बसली होती. शेजारी तिचा वकील, डुलक्या काढणारा. नाकावर अजून सूज होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी आधी प्रमुखाला पाटीवर लिहून दाखवलं: जबाब बदलायचाय. त्यानं वाचलं, इकडे तिकडे बघितलं आणि आपल्या बाहीनं पाटी पुसली. "मॅडम, तुमची तब्येत बरी नाही. तुम्ही फक्त बसा," म्हणाला, आणि पाटी माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली. अगदी प्रेमानं. माझाच चेला तो.

कारकुनानं वाचायला सुरुवात केली. 'मी, खाली सही करणार, असं निवेदन करते की दिनांक सत्तावीस फेब्रुवारी रोजी कोणतीही चिथावणी नसताना...' 

मला ओरडायचं होतं. सगळा जन्म लोकांना मध्येच तोडण्यात घालवला, आणि जेव्हा एक वाक्य खरंच थांबवायला हवं होतं तेव्हा तोंडाला तार! घशातून नुसतं गुरगुरल्यासारखं आलं. कारकुनाला वाटलं मला दुखतंय, तो जरा हळू वाचायला लागला. 'सदर विद्यार्थिनीनं माझ्यावर...'

मी पुढं झुकून ती सळई उचलली.

खोलीतले सगळे मागं सरकले. वकील जागा झाला. गोगलगायीनं दोन्ही हात तोंडासमोर धरले, प्लास्टरचाही. तिला वाटलं मी तिला मारणार. सगळ्यांनाच वाटलं. मी सळई टेबलावर हाणली. काच फुटली. पुन्हा हाणली. तुकडे उडाले, एक प्रमुखाच्या कपाळात घुसला, एक माझ्या मनगटात. तिसऱ्यांदा हाणली तेव्हा कारकून थांबला. प्रमुख किंचाळत होता, "धरा त्यांना, धरा!" पण मला धरायची कुणाची हिंमत होईना. एवढी वर्षं मला भ्यायले त्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

मग फळ्यापाशी गेले. खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. बोटं मी मोडली. आधी मी. तिनं नंतर मारलं. खाली लिहिलं, सळया त्रेचाळीस होत्या. मनगटातून रक्त कोपरापर्यंत येत होतं, खडू लाल झाला होता. आणि मग मी खडू पट्टीवर ठेवला. नियम करून सव्वीस वर्षं झाली, मुंगळ्या, आणि कुणाच्या हुकमाशिवाय खडू खाली ठेवायची माझी ही पहिलीच वेळ.

बाहेरून आलेल्या एक बाई चौकशी समितीवर होत्या, म्हाताऱ्या, आत्तापर्यंत गप्प बसलेल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि गोगलगायीला म्हणाल्या, "त्रेचाळीस म्हणजे काय? तुम्ही सांगा. आणि ती बोलत असताना मध्ये कुणी बोललं तर मी त्याला बाहेर काढीन."

ती उठली. फळ्यापाशी आली. मी तिथंच बाजूच्या खुर्चीत होते, मनगटाला रुमाल गुंडाळून. डाव्या हातानं लिहायला लागली, वेडंवाकडं, लहान मुलासारखं. पंचावन्न मिनिटं बोलली. काचेच्या चुऱ्यात उभी राहून. सातव्या मिनिटाला मला एक प्रश्न पडला, चांगला, नेमका प्रश्न. तारेमागं जीभ वळवळली. बाराव्या मिनिटाला त्याचं उत्तर तिनं आपणहून दिलं, आणि ते माझ्या प्रश्नापेक्षा मोठं होतं. चार वर्षं हे माझ्या खोलीत होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मी रडले. नाक चोंदलं आणि तोंड बंद, श्वास अडकला, गुदमरायची वेळ आली. तरी आवाज केला नाही.

तिचा आकडा खरा आहे. माझ्या आकड्यावर बांधलेल्या पुलांची यादी करायचं काम आजपासून सुरू झालंय. माझं नाव जाईल. जाऊ दे. तिला काढणार नाहीत. पोलिसांकडे मी आज सकाळी नवा जबाब दिला, बोटांची तक्रार माझ्यावर लागेल. सळईच्या घावाचं तिलाही उत्तर द्यावं लागणारच आहे, पण 'चिथावणी नसताना' हे शब्द आता त्यात नाहीत.

निघताना ती दारात थांबली. मला वाटलं काही बरं बोलेल. माणसाला आशा असते बघ. ती म्हणाली, सावकाश, तिच्याच चालीनं, "मॅडम, तुम्ही दिसलात की अजून माझा हात शिवशिवतो." मी मान हलवली.

या पाकिटात दुसरा एक कागद आहे. मुद्रांकावर लिहून, साक्षीदारांसमोर सही करून घेतलाय. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी आधी कुणी मारलं, दूध कुणाच्या मानेवर सांडलं, आणि मी पोलिसाला काय सांगितलं, सगळं आहे. बाबा नाहीत, आई नाही, तो पोलिसही नसेल. तुझ्या आयुष्यातली ती दोन वर्षं या कागदानं परत यायची नाहीत, हे कळतं मला. चुलीत घातलास तरी माझी तक्रार नाही.

माझी तार बारा एप्रिलला काढणार आहेत. तोंड उघडलं की पहिलं बोलणं तुझ्यासमोर करायचं आहे. वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहीन. आत घेऊ नकोस हवं तर. मी बरंच काही पाठ करून येणार, मला माहीत आहे. मोठी मोठी वाक्यं. तू मला पहिल्याच वाक्याला थांबव, आणि तुला जे विचारायचं असेल ते विचार. तू 'चालू द्या' म्हणेपर्यंत मी पुढचं बोलणार नाही.

ताई